मिस्त्री पाणी पाहायला थांबत नाही

१४ नोव्हेंबर २०१७, मंगळवार. वडनेर

ही वही मोटरींच्या नोंदीसाठी आणली होती. दोनशे पानी, आखीव. कोणत्या मोटरीत किती फेरे, तार कोणती, कोणी आणली, जळाली कशाने, हे मी १९९१ पासून लिहून ठेवतो. मला कोणी शिकवलं नाही. पहिली मोटर उघडली तेव्हा एकेक फेरा मोजत काढला आणि तेवढेच परत भरले, ती चालली. तेव्हापासून माझा मोजण्यावर विश्वास आहे. आजपासून या वहीत माझीच नोंद, कारण मलिहाने तसं सांगितलं.

मलिहा ही सईदभाईची मुलगी. सईदभाईचं पाइप-फिटिंगचं दुकान माझ्या दुकानाला लागून, मधली भिंत एकच. लहानपणी ही पोरगी माझ्याकडे तांब्याच्या तारेचे तुकडे वेचायला यायची. आता डॉक्टर झाली आहे आणि शहरात पुढचं शिकते आहे, मशीनमधून मेंदूचे फोटो काढायचं. आठ दिवसांसाठी घरी आली आहे. काल त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. तासाभरात तीनदा उठलो. तिसऱ्यांदा मलिहाच्या आईने, सरवरीवहिनींनी, आत नळ सोडला आणि मी कप अर्धा टाकून निघालो. आज दुपारी मलिहा एकटीच दुकानात आली, स्टूल ओढून बसली आणि हळूच म्हणाली, "काका, नळ सोडला की होते का?"

मी म्हटलं, काय होते?

ती नुसती म्हणाली, "काका."

सहा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते पाच मिनिटांत सांगून टाकलं. लघवीची भावना हळूहळू येत नाही, धाड टाकते. आली की दोन मिनिटांच्या वर हातात नसतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी पडल्याचा आवाज. माझा धंदा मोटर भरण्याचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरण्याचा. काम झाल्याची खूणच मुळी पाइपातून पाणी पडणं. पाणी पडलं की मी पळालो.

आमच्याकडे रीत अशी की मोटर विहिरीत सोडून चालू केली की पहिल्या पाण्याची ओंजळ मिस्त्रीने घ्यायची. थोडं विहिरीकडे शिंपडायचं, उरलेलं प्यायचं, मग शेतकरी नारळ फोडतो. मी सहा वर्षांत एक ओंजळ घेतलेली नाही. बटण दाबतो, मोटरीचा आवाज ऐकतो आणि पाणी पाइपाच्या तोंडाशी यायच्या आत पाठ फिरवून तुरीच्या आडोशाला चालू लागतो. लोकांनी याचा अर्थ आपापल्या मनाने लावला. दयाराम मिस्त्री पाणी पाहायला थांबत नाही, एवढा त्याला कामाचा भरवसा, असं नांदुऱ्यापर्यंत बोललं जातं. मी ते कधी खोडलं नाही. वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो: मला ते आवडतं.

मलिहाने एक छापील कागद दिला. तीन दिवस प्रत्येक वेळेची नोंद करायची: किती वाजता, किती मिली, घाई किती, शून्य ते चार. मी म्हटलं, तीन दिवसांत मोटरीचा स्वभाव कळत नाही, माणसाचा काय कळणार. मी महिनाभर लिहितो. ती म्हणाली, लिहा.

१५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी ५.५० – १६० मिली, घाई ३. ७.१० – ९० मिली, घाई ४. ८.२५ – ७० मिली, घाई ४. दिवसात एकूण तेरा वेळा, रात्री तीनदा. सगळ्या नोंदी मागच्या पानावर.

माप म्हणून फवारणीच्या औषधाचं अर्ध्या लिटरचं माप घेतलं. घरात एक नवंकोरं होतं, रेघा स्पष्ट आहेत. शर्टाच्या आत धरून न्हाणीमागे जातो. कोकिळाला दिसू नये एवढी काळजी घेतो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण काही गोष्टी बायकोला सांगायच्या नसतात.

दुपारी तिच्यासोबत शेतात गेलो. चार एकर बीटी कपाशी आहे. हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, दुसरं फोडलं, आत अळी. बीटीला अळी लागत नाही म्हणून पाकिटावर छापलं होतं. मी वीस बोंडं फोडून मोजली, सतरांत निघाली. कोकिळा धुऱ्यावर, बांधावर बसून माझ्याशी बोलत होती, मी हो-नाही केलं नाही. सांगणार काय, मनात वेळा पाठ करत होतो, १२.४०, १.३५, २.२०, घरी जाऊन लिहीपर्यंत विसरायला नको म्हणून.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

घरात काहीतरी चालू आहे. फवारणीच्या डब्या, बाटल्या मी कोठीत ओळीने लावून ठेवतो, उंचीप्रमाणे. आज पाहतो तो कोठीला कुलूप. किल्ली कोकिळाच्या कमरेला. विचारलं तर म्हणाली, उंदीर झाले आहेत. उंदराला कुलूप कशाला लागतं?

माप मात्र माझ्याकडेच आहे, दुकानाच्या पिशवीत. आज चौदा वेळा.

दुपारच्या बसने करिष्मा आली. ही माझी एकुलती मुलगी, वय तेवीस, नांदुऱ्याला शिवणकाम करते. न कळवता आली. म्हणाली, सुट्टी आहे. तिच्या हाताबद्दल लिहून ठेवलं पाहिजे. पाण्यात बुडणाऱ्या मोटरीला प्लॅस्टिक चढवलेली तार असते, ती यंत्रावर भरता येत नाही, एकेक फेरा हाताने ओवावा लागतो. सोळाव्या वर्षापासून ती माझ्याजवळ बसून हे शिकली. दोन वर्षांपूर्वी गावातल्या कडूबाची पाच हॉर्सची मोटर तिने एकटीने भरली. मी बोट लावलं नाही. आम्ही दोघं विहिरीवर गेलो, बटण तिने दाबलं, आवाज एकदम साफ. पाणी यायच्या आत मी नेहमीप्रमाणे निघालो. त्यानंतर आठ दिवसांत ती म्हणाली, मले शिवणाचा क्लास लावायचा आहे. काऊन, ते तिने सांगितलं नाही. पोरींचं मन बदलतं. पण एवढा हात वाया गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

१९ नोव्हेंबर, रविवार

सईदभाई आज चार वेळा दुकानात येऊन बसला. गिऱ्हाईक त्याच्या दुकानात उभं आणि हा माझ्याकडे. जुन्या गोष्टी काढत होता, आम्ही दोघांनी मिळून पूर्णेच्या काठावर इंजिन ओढलं होतं ती. सरवरीवहिनींनी दोन दिवस लागोपाठ खीर पाठवली. शाळेचे मुख्याध्यापक सहज म्हणून आले आणि माणसाचं आयुष्य किती मोलाचं असतं यावर अर्धा तास बोलले. संध्याकाळी कडूबा आला. त्याची कपाशी माझ्यापेक्षा जास्त गेली, सात एकर. तो माझा हात धरून म्हणाला, "मिस्त्री, धीर सोडू नका. हे बी वर्ष जाईन." मला वाटलं बिचारा स्वतःलाच समजावतो आहे. मी त्याला चहा पाजला, रोटाव्हेटर फिरवून गहू कसा पेरावा ते सांगितलं आणि पाठीवर थोपटून पाठवलं. तो जाताना माझ्याकडे विचित्र पाहत होता.

बराच विचार केला. येत्या महिन्यात माझ्या धंद्याला सव्वीस वर्षं पूर्ण होतात. गावात सत्काराचं घाटत असावं. शाल-श्रीफळाला मी नको म्हणणार नाही, पण व्यासपीठावर दीड तास बसायचं कसं?

२० नोव्हेंबर, सोमवार

सत्कार वगैरे काही नाही.

सकाळी ७.०५ ला माप घेऊन न्हाणीमागे गेलो. ९० मिली. उजेडाकडे धरून रेघ पाहत होतो, एवढ्यात कोकिळा आणि करिष्मा दोघी कोपऱ्यावरून धावत आल्या. करिष्माने माझा हात धरला, कोकिळाने माप हिसकलं. मी काही बोलायच्या आत ती ओरडली, "पेले का? किती पेले?"

मी म्हटलं, काय?

"औषध!"

तिने माप नाकाशी नेलं. वास घेतला. परत घेतला. मग माझ्याकडे असं पाहत राहिली, जसं तिने अठ्ठावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हे काय आहे?"

मी सांगितलं, नव्वद मिली.

ती कपडे धुवायच्या दगडावर खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. रडता रडता हसायला लागली. मग माप पूर्ण ओतून दिलं, नोंद होण्याआधी, पण ते मी तिला बोललो नाही. पाच रात्री ती झोपली नव्हती. कपाशी गेलेली, नवरा बोलत नाही, दिवसातून चौदा वेळा औषधाचं माप लपवत घराच्या मागे जातो. तिने सईदभाईला सांगितलं, सईदभाईने कडूबाला, मुख्याध्यापकांना. सगळा गाव माझ्यावर पहारा देत होता आणि मी सत्काराचं भाषण मनात जुळवत होतो.

मग सगळं सांगावं लागलं. सहा वर्षांचं. कोकिळा म्हणाली, "मले काय आंधळी समजता? तीन-तीनदा उठता, ते मले ठाऊक होतं. साखर असन म्हनून मी चहात साखर कमी टाकून राह्यले दोन वर्षांपासून." चहा बेचव का झाला ते आज कळलं.

करिष्मा भिंतीला टेकून उभी होती. मग म्हणाली, "बाबा, पाणी यायच्या आत तुमी जाता ते याच्यासाठीच?"

मी म्हटलं, हाव.

"कडूबाकाकाच्या विहिरीवर? माझी मोटर होती तवा?"

"त्या दिवशी तर मी कपाशीच्या पऱ्हाटीतच थांबलो, तुरीपर्यंत पोचलोच नाही."

ती आत गेली. मोटर दोन वर्षं जुनी, तिची आता चौकशी कशाला, हे मला समजलं नाही.

रात्री जेवताना कोकिळाने समजावलं. पोरीला वाटलं होतं की मी तिच्या कामाकडे पाहिलंसुद्धा नाही. ओंजळीसाठी ती पाइपाच्या तोंडाशी उभी होती. तिला ते पाणी मला दाखवायचं होतं. वळून पाहते तर माझी पाठ.

मी मोजण्यातला माणूस. दोन वर्षं, दोन महिने, एवढे दिवस मला हे मोजता आलं नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दुकानात पोचलो तर कुलूप आधीच उघडलेलं. करिष्मा खाली बसून तीन हॉर्सची एक मोटर उघडत होती. मी वहीत तारीख टाकली आणि पुढे लिहिलं: कारागीर दोन.

सईदभाई भिंतीपलीकडून म्हणाला, "मिस्त्री, पाणी सोडू का नळाचं?" आता हा मरेपर्यंत हेच बोलणार.

दुपारी दुकानात आलेल्या मलिहाला मात्र हसू आलं नाही. तिने खाली बसून मला आणि करिष्माला समजावलं. लघवीची पिशवी भरत आली की खबर पाठीच्या कण्यातून वर मेंदूत जाते. मेंदूतली एक जागा ती खबर घेते. कपाळामागची एक जागा ठरवते, आता की नंतर. या जागा सारख्या एकमेकींशी बोलत असतात, माणूस झोपलेला असला तरी. ज्यांना माझ्यासारखा त्रास आहे त्यांच्यात हे बोलणं बदललेलं दिसतं, काही जागांमध्ये वाढलेलं, काहींमध्ये कमी झालेलं. पिशवी ठणठणीत असली तरी. का, ते त्यांनाही पुरतं माहीत नाही, म्हणून तर तिच्या सरांचा अभ्यास चालू आहे आणि त्यांना माणसं हवी आहेत.

मी म्हटलं, बेटा, हे तर ऑटोस्विच. विजेची लाइन कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच बसवतो. लाइन आली की मालकाला न विचारता मोटर सुरू. मालक घरी जेवत बसला आहे आणि पाणी धुऱ्याबाहेर वाहून राहिलं आहे. माझ्या पॅनलमध्ये कोणीतरी ऑटोस्विच बसवून गेलं. तार कुठे तुटलेली नाही. मालकाच्या हातून बटण गेलं, एवढंच.

"काका, इतकं सोपं नाई ते," ती म्हणाली. पण मी कागदावर पॅनल काढून दाखवलं तेव्हा तो कागद तिने मागून घेतला.

५ डिसेंबर, मंगळवार. शहरातून परत आल्यावर

काल करिष्माला घेऊन गेलो. एसटीत चालकाच्या मागची जागा घेतली. सात वेळा गाडी थांबली, त्यातल्या तीन माझ्यासाठी.

मोठं हॉस्पिटल. आधी लघवीच्या डॉक्टरांनी तपासलं. साखर नाही, गाठ नाही, पिशवी चांगली. माझी वही त्यांनी उघडली, वीस दिवसांच्या नोंदी, वेळेसकट, मिलीसकट. पान उलटत गेले आणि शेजारच्या डॉक्टरला बोलावून दाखवली. म्हणाले, अशी नोंद आमच्याकडे कोणी आणत नाही. मी म्हटलं, मोटरींची याहून चांगली आहे.

एमआरआयच्या आधी त्यांनी डोळ्यांचा एक्स-रे काढला. लोखंडावर काम करणाऱ्याच्या डोळ्यात कण अडकलेला असला तर मशीनच्या चुंबकाने तो हलतो. हे विचारणारी यंत्रणा मला आवडली. नंतर खिशातला टेस्टर काढून ठेवायला सांगितलं. सव्वीस वर्षांत खिशात टेस्टर नाही असा मी फक्त आंघोळीच्या वेळी असतो. उघडा पडल्यासारखं झालं.

एक फेरी रिकाम्या पिशवीने, एक भरलेल्या. मधे पाणी पाजलं आणि अगदी निकड वाटेपर्यंत बसवून ठेवलं. घाई तीन झाली तशी मी हात वर केला आणि त्यांनी मला पुन्हा आत सरकवलं. हातात रबरी फुगा दिला, सहन झालं नाही तर दाबा. मलिहाने चारदा बजावलं: हलायचं नाही, समोरच्या खुणेकडे पाहायचं आणि काही करायचं नाही. मन मोकळं सोडायचं.

मशीन सुरू झाली आणि मी दचकलो. एक फेज गेल्यावर मोटर जशी घुमते तसा आवाज, मग ठोके. मला वाटलं, मशीन जळणार. ओरडून सांगावं की बंद करा, पण हलायचं नाही म्हणून गप्प राहिलो आणि ठोके मोजू लागलो. अडतीस ठोके, एक श्वासभर थांबा. पुन्हा अडतीस. पाच हॉर्सच्या मोटरीला मी एका कॉइलमध्ये अडतीसच फेरे भरतो. मग काय, मी पडल्या पडल्या मोटर भरायला घेतली. एक कॉइल झाली, दुसरी झाली. आवाज बदलला की गेज, म्हणजे तारेची जाडी, बदलायचो. तिसरी मोटर निम्मी झाली तेव्हा त्यांनी मला बाहेर काढलं.

मी खूश होतो. मलिहाला सांगितलं, अडीच मोटरी भरल्या. तिचा चेहरा पडला. काही न करता पडलं असताना मेंदू काय बोलतो, तेच त्यांना पाहायचं होतं. ही फेरी अभ्यासात धरता येणार नाही. मी म्हटलं, मोजणं म्हणजे काही करणं नव्हे, ते माझं आपोआप होतं. तिचे सर हसले, पण फेरी बाद ती बादच. चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा नापास झालो.

तेव्हा करिष्मा म्हणाली, "डॉक्टर, तुमी घड्याळ पाह्यलं का? बाबा तेवीस मिनिटं होते आत. भरल्या पिशवीनं."

मी हातातल्या फुग्याकडे पाहिलं. दाबला नव्हता. तो हातात आहे हेच विसरलो होतो.

१२ डिसेंबर, मंगळवार

मलिहाचा फोन आला. मी माझ्या मेंदूचा फोटो मागितला होता, कुठे काय बिघडलं ते पाहायला. ती म्हणते, एका माणसाच्या फोटोवरून काही सांगता येत नाही, पुष्कळ लोकांचे जुळवून पाहिले तर फरक दिसतो. म्हणजे मी एकटा काही खास नाही. हे पचायला चहाचा एक कप लागला. आता साखरेचा मिळतो, पण दिवसात दोनच, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.

डॉक्टरांनी दिलेला सराव असा: भावना आली की पळायचं नाही. आहे तिथे थांबायचं, आतल्या आत आवळून धरायचं आणि मन कशात तरी गुंतवायचं. लाट ओसरली की मग चालत जायचं. पाणी कमी प्यायचं नाही. मी भीतीने दिवसाला दोन ग्लासांवर आलो होतो, ते चुकीचं. एक गोळी रात्री. मलिहा म्हणाली, मशीनमध्ये मोजणी केली ती चूक होती, पण बाहेर तीच औषध आहे.

मी फेरे मोजतो. आज दहा वेळा.

२० डिसेंबर, बुधवार

नऊ वेळा. रात्री एकदा. सईदभाईने मुद्दाम पिंपात पाइप सोडला. मी जागचा हललो नाही. बेचाळीसपर्यंत गेलो, ओसरली. त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

३१ डिसेंबर, रविवार

कडूबाची मोटर जळून आली. तीच, करिष्माने भरलेली. गव्हाला पाणी द्यायचं आहे, घाईत आहे. विजेचा दाब कमी असताना ऑटोस्विचने ती सुरू केली आणि जळाली. ऑटोस्विचवर माझा आता वैयक्तिक राग आहे.

जुनी तार काढताना मी मोजली. प्रत्येक कॉइलमध्ये अडतीस. एकही कमी नाही, एकही जास्त नाही, आणि शेवटचा फेराही पहिल्याइतकाच ओढून बसवलेला. एकविसाव्या वर्षी माझं असं नव्हतं. करिष्मा समोर बसली होती. मी तिला ते सांगितलं, जसं लिहिलं आहे तसं. ती खाली पाहून तार पुसत राहिली, पुसून झालेलीच तार. मग म्हणाली, "आता पुन्हा मीच भरते. पन विहिरीवर तुमी याल का?"

मी म्हटलं, येईन.

"आन थांबाल?"

नळ, पिंप वेगळं. तीन इंची पाइपातून पाच हॉर्सचं पाणी पडतं त्याचा आवाज मी सहा वर्षं अंगावर घेतलेला नाही. आणि या वेळीही माझी पाठ दिसली तर ती पुन्हा कधी मोटरीला हात लावणार नाही. कारण कळलं असलं तरी नाही. हे मला आता मोजता येतं.

थांबतो म्हणालो.

५ जानेवारी २०१८, शुक्रवार

सविस्तर लिहितो.

या आठवड्यात दिवसाची लाइन आहे, सकाळी नऊपासून. अकराच्या सुमारास कडूबाच्या विहिरीवर पोचलो. मी, करिष्मा, सईदभाई, नव्या पाइपाचं निमित्त काढून आलेला. कोकिळाही आली, तिने कसलंच निमित्त काढलं नाही. कडूबाच्या घरचे आणि शेजारचे धरून वीसेक माणसं होती. निघताना घरी जाऊन आलो होतो. तरी पाटावर पोचेपर्यंत भावना दोनवर होती.

मोटर उतरवली. जोडणी करिष्माने केली, मी फक्त टेस्टर लावून तिन्ही फेज पाहिल्या. ११.३४ ला तिने बटण दाबलं. आवाज साफ. मोटर नव्हे, घरातलं माणूस बोलल्यासारखा. पाइप खालून वर थरथरत येतो, ते मी पाहत होतो. सगळ्यांनी सवयीने मला जायला वाट करून दिली.

मी उभा राहिलो.

कडूबा मोठ्याने म्हणाला, "काऊन मिस्त्री, आज थांबले? पोरीच्या कामावर भरवसा नाई का?"

लोक हसले. करिष्माच्या तोंडावरचा रंग गेला. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सहा वर्षं मी जात होतो तो भरवसा, म्हणून आज थांबलो ती शंका. तिच्या पहिल्या पाण्यावर मीच डाग पाडत होतो. थांबलो तरी पंचाईत, गेलो तरी. आणि पाइपाच्या तोंडातून हवा फुसफुसायला लागली होती. घाई तीन.

मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "भरवशानं कधीच गेलो नाई मी. पाणी पाह्यलं की मले लघवीले लागते. सहा वर्षांपासून. तुरीत जाऊन बसत होतो."

मग सईदभाई हसला, आणि त्याच्यामागे सगळे. एकजण म्हणाला, म्हणूनच कडूबाची तूर धुऱ्याकडून एवढी जोरदार. मीही हसलो. सव्वीस वर्षांचं नाव एका वाक्यात गेलं आणि हलकं वाटलं, टेस्टर काढून ठेवला होता तेव्हासारखं नव्हे.

तेवढ्यात पाणी आलं. आधी गढूळ, मग पाइपाचं तोंड भरून, पांढरं. घाई चार. मी पाय रोवले आणि पहिली कॉइल भरायला घेतली. एक, दोन, तीन. कडूबा म्हणाला, "मिस्त्री, घ्या ओंजळ." मी करिष्माकडे बोट करून म्हणालो, "मिस्त्री ते आहे." अकरा, बारा. करिष्माने दोन्ही हात पाण्यात घातले, थोडं विहिरीकडे शिंपडलं, अर्धं प्याली. मग माझ्याकडे वळली आणि उरलेलं माझ्या ओंजळीत सोडलं. थंड होतं. बोटांमधून गळत होतं. सव्वीस, सत्तावीस. मी प्यालो. विहिरीच्या पाण्याला अशी चव असते, ते मी विसरून गेलो होतो. अडतीस झाले तेव्हा लाट ओसरली होती. तरी मी उभा राहिलो, कारण पाहायचं होतं. पाणी पाटात उतरलं, वळणावर थांबल्यासारखं झालं, मग गव्हाच्या पहिल्या वाफ्यात शिरलं. करिष्मा पाण्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. कोकिळाने पदर तोंडाला लावला. या वेळी ती आधीपासून हसतच होती.

नारळ फुटला. मी खोबरं खाल्लं. मग चालत, पळत नाही, तुरीकडे गेलो. कडूबा मागून आला. मला वाटलं पोरीच्या कामाबद्दल काही बोलायचं असेल. तो शेजारी आडोशाला उभा राहिला आणि इकडेतिकडे पाहून म्हणाला, "मिस्त्री, त्या डॉक्टर पोरीचा नंबर देता का?"

दिला. फेरे मोजू नको म्हणून बजावलं, मशीनमध्ये तरी.

वेळ ११.५२. घाई एक. किती मिली, ते मोजलं नाही. माप घरीच राहिलं होतं.